सरपणाची जमीन आणि भांडवलाची वही : आर्थिक इतिहास व भारतीय साहित्य यांच्या सीमेवरील एक टिपण

१

आर्थिक इतिहासाच्या ग्रंथांत इंधनाचा विषय निघतो तो बहुधा कोळशाच्या निमित्ताने. खाण, बाष्पयंत्र, आगगाडी आणि गिरणी या क्रमाने ते कथन पुढे सरकते, आणि ज्या अग्नीवर समाजातील बहुसंख्य लोकांचे अन्न शिजत होते तो अग्नी कथनाबाहेर राहतो. याला इतिहासकारांची अनास्था म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या वस्तूची खरेदी-विक्री झाली नाही, जिच्यावर कर बसला नाही आणि जिच्यासाठी कोणी कर्ज काढले नाही, तिची नोंद राहण्याची सोयच नसते. रानातून आणलेली मोळी रात्रीपर्यंत जळून जाते; मागे उरते ती राख, आणि राखेने दुसऱ्या दिवशी भांडी घासली जातात.

हा अनुल्लेख केवळ जुन्या काळापुरता नाही. आपल्या राष्ट्रीय नमुना पाहणीच्या रोजगारविषयक वर्गीकरणात ९३ हा एक संकेतांक आहे. घरकाम सांभाळून शिवाय भाजीपाला, कंदमुळे, सरपण, वैरण विनामूल्य गोळा करणाऱ्या किंवा घरापुरते शिवणटिपण करणाऱ्या व्यक्तीस तो दिला जातो. अशी व्यक्ती बहुधा स्त्री असते, हे सांगावयास नकोच. संकेतांक मिळाला म्हणजे दखल घेतली गेली, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु हा संकेतांक ज्या गटात मोडतो तो गट श्रमशक्तीच्या बाहेरचा आहे. दोन कोस चालून, डोक्यावर भारा घेऊन परतणारी बाई शास्त्राच्या दृष्टीने काम करीत नसते.

सरपणाचे श्रम असे हिशेबाबाहेर राहिले की ज्या जमिनीवरून सरपण येते ती जमीनही हिशेबाबाहेर जाते. गायरान, कुरण, माळ, ओढ्याकाठची झुडपे, शिवेवरची बाभूळबने यांचे उत्पन्न वहीत शून्य दिसते, आणि शून्य उत्पन्नाच्या जमिनीत भांडवल गुंतविणे हे तर उघडच पुण्यकर्म ठरते. प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे ते एवढेच की, सामाईक जमीन भांडवलाच्या ताब्यात जाण्यापूर्वी ती भाषेत रिकामी केली जाते. आणि ही रिकामी करण्याची क्रिया कशी घडली याचा पुरावा महसुली दप्तरांइतकाच भारतीय भाषांतील ललित व वैचारिक वाङ्मयात सापडतो. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने आर्थिक इतिहासाच्या प्रांतात शिरावे ते या कारणासाठी. कादंबरीला सरकारी अहवालाचे काम सांगणे हा कादंबरीवर अन्याय आहे, याची जाणीव मला आहे. परंतु अहवालाने जे शब्द गाळले ते कादंबरीने राखले असतील, तर ते न वाचणे हा इतिहासावर अन्याय होय.

२

तुलनेसाठी इंग्लंडपासून आरंभ करणे सोयीचे आहे, कारण तेथे सरपणाचा हक्क कायद्याच्या भाषेत फार लवकर लिहिला गेला. १२१५ च्या मॅग्ना कार्टाचे नाव सर्वांस ठाऊक असते. १२१७ मध्ये तिच्याबरोबर निघालेल्या वनसनदेचे नाव मात्र विधिज्ञांच्या बाहेर फारसे कोणी घेत नाही. त्याच वर्षी मॅग्ना कार्टाची जी सुधारित प्रत निघाली तिच्यात विधवेच्या संदर्भात एक लहानशी भर पडली : तिला सामाईक जमिनीतून वाजवी 'एस्टोव्हर्स' मिळावेत. एस्टोव्हर्स म्हणजे घरगुती गरजेपुरते लाकूड, मुख्यतः चुलीसाठी आणि घराच्या, अवजारांच्या डागडुजीसाठी. राजाच्या अधिकारावर मर्यादा घालणाऱ्या त्या गंभीर दस्तऐवजात एका विधवेच्या चुलीची सोय लावलेली आहे, ही गोष्ट पीटर लाइनबॉ या इतिहासकाराने आपल्या २००८ च्या ग्रंथात आग्रहाने पुढे आणली. वनसनद कायद्याच्या पुस्तकातून अधिकृतपणे निघाली ती थेट १९७१ मध्ये.

इंग्रजीतील 'वेस्ट' या शब्दाचा इतिहासही येथे पाहण्याजोगा आहे. जहागिरीच्या कायद्यात 'वेस्ट' म्हणजे नांगराखाली नसलेली, पण गावकऱ्यांच्या चराईचे, सरपणाचे आणि पीट नावाची जळाऊ माती कापण्याचे हक्क जिच्यावर आहेत अशी जमीन. ती निरुपयोगी आहे असा त्या शब्दाचा अर्थ नव्हता. सतराव्या-अठराव्या शतकांत सुधारणेचा कैवार घेणाऱ्या लेखकांनी हाच शब्द उधळपट्टी या अर्थाकडे ओढला आणि जमिनीवरचे हक्क शब्दातून गळून गेले. पुढचे काम संसदेने केले. १६०४ ते १९१४ या काळात कुंपणबंदीचे ५,२०० हून अधिक कायदे होऊन सुमारे ६८ लक्ष एकर जमीन, म्हणजे इंग्लंडच्या क्षेत्रफळाच्या एक पंचमांशाहून थोडी अधिक, खाजगी हद्दींत वाटली गेली. कुंपण घालणे, खंदक खणणे, मोजणीदाराचा व वकिलाचा मेहनताना देणे हे सर्व खर्चाचे काम होते. ज्याच्याजवळ भांडवल होते त्याला ते पेलले. ज्याच्याजवळ केवळ वहिवाट होती त्याला बहुतेक ठिकाणी काही मिळाले नाही, कारण वहिवाटीला कागद नसतो.

कोठे कोठे गरिबांसाठी 'इंधनाचा तुकडा' वेगळा काढून ठेवला जाई. तो भाड्याने द्यावयाचा आणि त्या भाड्यातून थंडीत गरिबांस कोळसा वाटावयाचा, अशी ही योजना. लंडनजवळच्या हॅम्प्टन येथे १८११ च्या कुंपणबंदीच्या कायद्याने असा तुकडा राखला गेला होता, आणि त्यातून उभी राहिलेली धर्मादाय संस्था आजही त्या भागातील गरजूंना वीज व गॅस यांच्या खर्चासाठी साहाय्य करते. ही व्यवस्था चांगलीच म्हणावयाची; तथापि ती मान्य करताना एक फरक नजरेआड होऊ देता कामा नये. जो पूर्वी हक्काने फांदी तोडीत होता तो आता अर्ज करून कोळसा घेऊ लागला.

ई. ए. रिग्ली या आर्थिक इतिहासकाराने इंग्लंडच्या औद्योगिक क्रांतीचा उलगडा ऊर्जेच्या आधारे केला आहे. त्याच्या हिशेबाप्रमाणे १५६० च्या सुमारास इंग्लंड-वेल्समधील एकूण ऊर्जेत कोळशाचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास होता. १७०० च्या सुमारास तो निम्म्यावर आला आणि १८५० नंतरच्या दशकात नव्वद टक्क्यांवर गेला. लाकूड, गवत आणि धान्य यांवर चालणारी अर्थव्यवस्था जमिनीच्या क्षेत्रफळाने बांधलेली असते, आणि कोळशाने ही बांधणी तोडली, हे त्याचे प्रतिपादन मला मूलतः पटते. त्यात एक गोष्ट मात्र मी माझ्या विषयाच्या बाजूने जोडीन. कोळसा घरात शिरला तो केवळ स्वस्त होता म्हणून नव्हे. अनेक खेड्यांत सरपणाची वाट बंद झाल्यामुळेही तो शिरला. हेल्पस्टन या खेड्यातील जॉन क्लेअर (१७९३–१८६४) या श्रमिक कवीच्या गावाला १८०९ च्या कायद्याने कुंपण पडले, आणि त्यानंतरच्या त्याच्या कवितेत झाड, ओढा, पायवाट यांची नावे घेऊन केलेला जो शोक आहे त्याला निसर्गप्रेम म्हणून सोडून देण्याची पद्धत फार काळ चालली. जे. एम. नीसन आणि ई. पी. टॉमसन यांच्या संशोधनानंतर ती पद्धत टिकण्यासारखी राहिली नाही. जर्मनीतही १८४२ मध्ये तरुण कार्ल मार्क्सने ऱ्हाइन प्रांतातील लाकूडचोरीच्या कायद्यावर वृत्तपत्रात लेख लिहिले. गळून पडलेल्या काटक्या वेचणे ही चोरी ठरवावी काय, असा तो प्रश्न होता, आणि आर्थिक प्रश्नांकडे आपण प्रथम वळलो ते यामुळे, असे त्याने पुढे १८५९ मध्ये नमूद केले. अर्थशास्त्राच्या इतिहासातील एवढ्या मोठ्या घटनेच्या मुळाशी सरपणाची मोळी असावी, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांनी अजून मनावर घेतलेली नाही.

३

भारतात हा क्रम निराळा होता. येथे कुंपण घालणारा प्रथम शेजारचा जमीनदार नव्हता. सरकारच होते, आणि सरकारच्या पाठीशी लंडनच्या शेअरबाजारातील गुंतवणूकदार उभा होता. १८४९ मध्ये रेल्वे कंपन्यांशी झालेल्या करारांनी भागधारकांना पाच टक्के व्याजाची हमी दिली. रेल्वेला नफा झाला नाही तरी ही रक्कम भारताच्या महसुलातून भरावयाची होती. बुडण्याची भीती नसलेले भांडवल जपून खर्च होत नाही, हे रमेशचंद्र दत्त यांनी आपल्या आर्थिक इतिहासाच्या दोन खंडांत (१९०२ व १९०४) सविस्तर दाखविले, आणि रेल्वेवर होणाऱ्या खर्चाच्या तुलनेत पाटबंधाऱ्यांची उपेक्षा झाल्याचे वारंवार सांगितले. रेल्वेला रुळांखालचे ओंडके हवे होते. ठिकठिकाणी इंजिनांनाही प्रथम लाकूडच लागत होते. १८६४ मध्ये वनखाते स्थापन झाले, १८६५ मध्ये पहिला कायदा आला आणि १८७८ च्या कायद्याने राखीव जंगलाची पकड पक्की केली. या शेवटच्या कायद्यापूर्वी झालेल्या वादात डीट्रिख ब्रँडिस यांना गावांसाठी वेगळी जंगले राखावीत असे वाटत होते, तर बेडन-पॉवेल यांचे म्हणणे असे की प्रजेला लाकूडफाट्याची मिळते ती सवलत असून हक्क नव्हे. कायद्यात 'ग्रामवन' हा शब्द उरला, पण व्यवहारात तो जवळजवळ कोरा राहिला. 'हक्क' आणि 'सवलत' या दोन शब्दांच्या मधल्या फटीत कोट्यवधी चुली होत्या.

मुंबई इलाख्यात या कथेचे पूर्वसूत्र महसुली मोजणीत आहे. १८३५–३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जी मोजणीपद्धत बसविली तिच्यातून शेताचे क्षेत्र, प्रत आणि आकार यांची एक भाषाच निर्माण झाली. ती भाषा आकारणीची होती. जे आकारले जात नाही ते तिच्यात उणेपणानेच नोंदले जाते. सातबाराच्या उताऱ्यावर आजही 'पोटखराब' हा शब्द दिसतो : शेताच्या पोटातील जो भाग लागवडीस लायक नाही तो. या खराब भागातच बांधावरची बोर, बाभूळ, तरवड उगवते आणि त्याच भागावर घरची चूल पेटते. आपल्या पूर्वीच्या शास्त्रग्रंथांची दृष्टी अशी नव्हती. मनुस्मृतीने गावाभोवती शंभर धनुष्ये रुंदीची चराईची जागा सोडावयास सांगितली आहे, आणि कौटिल्याच्या 'भूमिच्छिद्रविधान' या प्रकरणाचा आरंभ नांगर न चालणाऱ्या जमिनीवर कुरणे द्यावीत या सूचनेने होतो. (या ग्रंथांत सर्वच व्यवस्था न्यायाची होती असे कोणी समजू नये, त्या जागेवर कोणाला जाता येत होते हा प्रश्न जातीचाही होता.)

इतर भारतीय भाषांतही या आकारणीच्या शब्दांचे पडसाद शोधण्यासारखे आहेत. सर्वांत बोलका दाखला तमिळचा. 'पुरंबोक्कु' हा मूळचा महसुली शब्द असून आकारणीच्या बाहेरची, सर्वांच्या उपयोगाची जमीन असा त्याचा अर्थ : तळी, ओढे, कुरणे, पायवाटा. आज तमिळ बोलीत तो शब्द माणसाला उद्देशून वापरला म्हणजे कुचकामी, ऐतखाऊ अशी शिवी होते. जमिनीवरून शब्द माणसावर गेला, आणि जाताना त्याने हिशेबातले शून्य बरोबर नेले. हिंदीतील 'बंजर' व 'परती', बंगालीतील 'पतित' जमीन आणि मराठीतील 'पड' यांचा प्रवास इतका टोकाला गेलेला नाही. तथापि मराठीत 'पडीक' हा शब्द आपण माणसाच्या बुद्धीलाही लावतो, हे विसरता येत नाही.

या सर्व घडामोडीला मराठीत पहिले समर्थ उत्तर मिळाले ते जोतीराव फुले यांच्या 'शेतकऱ्याचा असूड' या १८८३ मध्ये पूर्ण झालेल्या ग्रंथात. वनखात्याविषयीचा त्यातील भाग आर्थिक इतिहासाच्या दृष्टीने असामान्य आहे. थोडकी जमीन असलेले शेतकरी पूर्वी रानातील उंबर-जांभळासारखी फळे खाऊन, पळस-मोहाची पाने-फुले विकून आणि गावच्या रानावर एखाद-दुसरी गाय व दोन-चार शेळ्या पाळून निर्वाह करीत. पुढे डोंगर, टेकड्या, पड जमिनी आणि गायराने वनखात्याच्या घशात गेल्यावर त्यांच्या जनावरांस पृथ्वीच्या पाठीवर जागा उरली नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की फुले येथे सामाईक जमिनीची वर्णनात्मक प्रशंसा करीत नाहीत. ते तिच्या उत्पन्नाची यादी देतात. फळ, पान, फूल, दूध, बकरे : दप्तराने ज्या रकान्यात शून्य घातले होते तो रकाना ते भरून काढतात. या अर्थाने तो उतारा हिशेबाचा उतारा आहे, आणि त्याची भाषा रागीट असली तरी पद्धत वहीचीच आहे. शंभर वर्षांनंतर, १९८६ मध्ये, एन. एस. जोधा या अर्थशास्त्रज्ञाने सात राज्यांच्या कोरडवाहू भागांतील सुमारे ८० गावे पाहून गरीब कुटुंबांच्या उत्पन्नात सामाईक साधनांचा वाटा साधारणतः १४ ते २३ टक्के असल्याचे, आणि १९५०–५२ पासून तीस वर्षांत या जमिनींचे क्षेत्र ३१ ते ५५ टक्क्यांनी घटल्याचे दाखविले. जोधांनी मोजलेली गोष्ट फुल्यांनी नावे घेऊन सांगितली होती.

सरकारलाही कुरकुर ऐकू आली नाही असे नव्हे. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील तक्रारींमुळे १८८५ मध्ये मुंबई वनआयोग नेमला गेला आणि १८८७ मध्ये त्याचा अहवाल आला. त्यात मोठी जागा व्यापली आहे ती 'राब' या प्रश्नाने. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजताना झाडांच्या फांद्या, पाला आणि शेण जाळण्याची कोकणातील ही पद्धत. वनअधिकाऱ्यांना ती नासधूस वाटत होती. शेतकऱ्यांच्या लेखी ती बियाण्याइतकीच आवश्यक होती. एकच फांदी एका बाजूला लाकूड, दुसऱ्या बाजूला सरपण आणि तिसऱ्या बाजूला खत होती, आणि वहीत तिला एकच रकाना होता.

४

विसाव्या शतकातील भारतीय कादंबरीत हा रकाना पुन्हा पुन्हा उघडला गेला. सर्वांचा परामर्श येथे घेता येणार नाही. गोपीनाथ महांती यांच्या 'परजा' (१९४५) या ओडिआ कादंबरीत शुक्रू जानीच्या कुटुंबाचा विनाश सुरू होतो तो झाडे तोडल्याच्या आरोपावरून झालेल्या दंडाने. वनरक्षकाची वासना नाकारली गेली याचा तो सूड आहे. पण दंड भरावयाचा तर सावकार हवा, आणि सावकार म्हटला की वेठबिगार. बंद झालेले रान, रोख पैशाची सक्ती आणि ऋणदास्य ही साखळी अर्थशास्त्राच्या कोणत्याही प्रबंधापेक्षा तेथे स्पष्ट दिसते. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त (१९५५) दंड नाही आणि वनरक्षकही नाही. तेथे पाऊस येत नाही. मेंढरांना रान उरत नाही आणि वाडी उठून जाते. हवामान आणि सामाईक जमीन यांचा संबंध त्या कादंबरीइतक्या कमी शब्दांत क्वचितच कोणी सांगितला असेल. १८७६–७८ च्या दख्खनच्या दुष्काळामागे प्रशांत महासागरातील 'एल निन्यो' ही घडामोड होती, असे आज हवामानशास्त्र मानते. पण पाऊस हुकला म्हणून माणसे मेलीच पाहिजेत असे नाही, हे अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये सिद्ध केले. पाऊस आणि मृत्यू यांच्या मध्ये जे काही उभे असते त्यात रान हे एक होते.

मला अधिक विस्ताराने बोलावयाचे आहे ते बिहारच्या एकाच टापूविषयी लिहिल्या गेलेल्या दोन कादंबऱ्यांविषयी. विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांची 'आरण्यक' (१९३९) बंगालीत आहे, आणि फणीश्वरनाथ रेणू यांची 'परती : परिकथा' (१९५७) हिंदीत. भागलपूर-पूर्णियाकडील सखल प्रदेश, कोसी-गंगेच्या फिरत्या पात्रांनी घडविलेला आणि बिघडविलेला, ही दोघांचीही भूमी. विभूतिभूषणांनी स्वतः तिकडच्या जमीनदारीत व्यवस्थापनाचे काम केले होते, आणि त्यांचा निवेदक सत्यचरण हाही कलकत्त्याहून आलेला व्यवस्थापक आहे. त्याचे काम कोणते? हजारो बिघे रान रयतेला लावून देणे आणि जमीनदाराचे उत्पन्न वाढविणे. कादंबरीची सारी वेदना या नोकरीत आहे. रानावर ज्याचा जीव जडला आहे तोच रान मोडण्याचा मुखत्यार आहे, आणि अखेरीस तो वनदेवतांची क्षमा मागतो. आर्थिक इतिहासाच्या भाषेत सांगावयाचे तर निवेदक हा गुंतवणुकीचा दलाल आहे. दलालाने लिहिलेली विलापिका आपल्याला अन्यत्र सहसा मिळत नाही. तरीही एक प्रश्न मी विद्यार्थ्यांपुढे नेहमी ठेवतो : जमीन मागण्यासाठी आलेल्या भुकेल्या रयतेच्या बाजूने पाहिले तर हा विलाप कोणाचा? कादंबरी त्या रयतेला अन्नासाठी आसुसलेली दाखविते, मक्याच्या सातूवर आनंदणारी दाखविते. रान मोडल्याने तिचेही काही गेले काय, हे मात्र निवेदकाच्या डोळ्यांनी पूर्ण दिसत नाही.

रेणूंची कादंबरी अठरा वर्षांनी येते, आणि मध्ये स्वातंत्र्य, जमीनदारीचा अंत व कोसी प्रकल्प येऊन गेलेले आहेत. तिच्यात रान नाही. धुळीची, वंध्य परती आहे. ती वंध्यता लोककथेत कोसीमैयाच्या कोपाने आली आहे, आणि नव्या काळात मोजणी, बांध व वृक्षरोपण यांनी ती फिटेल अशी आशा आहे. म्हणजे भांडवली गुंतवणूक येथे शत्रूच्या वेषात येत नाही. सामाईक जमिनीविषयी लिहिणारे अभ्यासक रेणूंना टाळतात, याचे कारण बहुधा हेच असावे. त्यांना विलाप हवा असतो. परंतु रेणू परतीला रिकामी मानीत नाहीत. तिच्यावर कथा आहेत, गाणी आहेत, हक्कांचे तंटे आहेत, आणि मोजणी सुरू होताच गावातील प्रत्येक जातीचा व गटाचा त्या 'निरुपयोगी' जमिनीवरील दावा वर येतो. गुंतवणूक हवी, पण जमीन आधी बोलकी असू द्यावी, अशी ही भूमिका आहे, आणि मला ती 'आरण्यक'च्या शोकापेक्षा अधिक कठीण व अधिक उपयोगी वाटते. भाषेचा फरकही लक्षणीय आहे : बंगालीत एकट्या निवेदकाचे गद्य, हिंदीत शेकडो आवाजांची गर्दी.

या सर्व कादंबऱ्यांत चूल मात्र मागेच राहते. पुरुष लेखकांनी रान पाहिले, कुरण पाहिले, सावकार पाहिला. मोळी क्वचित पाहिली. त्यासाठी जात्यावरच्या ओव्यांकडे वळावे लागते. हेमा राईरकर आणि गी पॉयत्वँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या आहेत. त्यांचे वाचन आजवर भक्ती, नाती आणि सासुरवास या अंगांनी झाले. पाणी, शेण, जळण, वाट यांच्या उल्लेखांची सूची करून त्याच ओव्या श्रमाच्या इतिहासासाठी वाचणे हे काम पुष्कळसे शिल्लक आहे. संकेतांक ९३ ची खरी टीका तेथे मिळण्याचा संभव आहे.

५

हा विषय केवळ ऐतिहासिक राहिला असता तर हे टिपण येथेच थांबविता आले असते. हवामानबदलामुळे तसे राहिलेले नाही.

प्रथम चुलीविषयी. धुराने बायकांचे डोळे आणि फुप्फुसे जातात. तेव्हा सरपणाचा गौरव करण्याचा अधिकार ज्यांनी कधी चूल फुंकली नाही त्यांना नाही. २०१६ पासून उज्ज्वला योजनेने कोट्यवधी घरांत गॅसची शेगडी पोहोचविली हे मोठे काम झाले. तरी २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करणारी कुटुंबे ५८.६ टक्केच होती, आणि पुष्कळ घरांत शेगडीशेजारी चूलही पेटते, कारण सिलिंडर रोख पैशाने भरावा लागतो आणि काटक्या लागत नाहीत. दरम्यान या काटक्यांना एक नवे गिऱ्हाईक मिळाले आहे. सुधारित चुली वाटून वाचलेल्या लाकडाच्या हिशेबावर कार्बनची पते विकली जातात. किती लाकूड वाचले आणि त्यातले किती पुन्हा उगवणारच नव्हते, या अंदाजावर पताची किंमत ठरते. आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चिकित्सक अभ्यासात असे दिसले की हे अंदाज प्रत्यक्षापेक्षा अनेक पटींनी फुगविलेले होते. वस्तुतः खेड्यातील बाई सहसा झाड पाडीत नाही. वाळकी फांदी, तुराट्या, पऱ्हाट्या आणि गोवऱ्या यांवर तिचे भागते. १९७५ नंतर जगभर जी 'सरपणाच्या दुष्काळा'ची भाकिते झाली ती याच कारणाने चुकली होती. जोवर सरपण फुकट होते तोवर ते हिशेबात नव्हते. विकाऊ झाले तेव्हा हिशेबात आले, पण चुकीच्या आकड्याने.

दुसरी गोष्ट जमिनीची. सौरऊर्जेला मोठी, सपाट, सलग जागा लागते, आणि ती शोधताना नियोजनकाराचा हात पुन्हा त्याच रकान्याकडे जातो. १९८५ मध्ये राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ स्थापन झाले, पुढे उपग्रहाच्या छायाचित्रांवरून पडीक जमिनींचे नकाशेही निघाले. गुजरातेत चारणका येथील सौरउद्यान २०१२ मध्ये सुरू झाले. त्याखाली गेलेल्या सरकारी 'पडीक' जमिनीवर पशुपालकांची चराई होती. महाराष्ट्रात कृषिपंपांच्या विजेसाठी २०२३ मध्ये नव्याने हाती घेतलेल्या सौर वाहिनी योजनेत गायरान जमिनी घेण्याची तरतूद आहे. दिवसा वीज मिळणे ही शेतकऱ्याची जुनी आणि न्याय्य मागणी आहे, आणि कोळशापासून सुटका तर व्हावयासच हवी. मात्र गायरानाचे आजचे उत्पन्न शून्य धरून केलेली गुंतवणूक स्वस्त दिसते ती त्या शून्यामुळे. ते शून्य कोणी भरून काढले, हा प्रश्न प्रकल्पाच्या अहवालात येत नाही. जगपाल सिंग प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला. त्याच वर्षी गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला आपल्या जंगलातील बांबूची वाहतूक स्वतःच्या परवान्याने करण्याचा अधिकार प्रत्यक्षात मिळाला. दोन्ही घटना महत्त्वाच्या आहेत, पण दोन्हींत जमिनीला नाव होते आणि नावाला कागद होता.

राजस्थानातील 'ओरण' या देवाच्या नावाने राखलेल्या रानांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. जैसलमेरकडे या ओरणांवर सौर व पवन प्रकल्प आणि त्यांच्या विद्युतवाहिन्या येऊ लागल्यावर तेथील लोकांनी विरोध केला. १८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा देवरायांची मोजणी करून त्यांना वन म्हणून अधिसूचित करण्याचे निर्देश राज्याला दिले. संरक्षणाच्या दृष्टीने हा निर्णय स्वागतार्ह वाटतो. मात्र अशा अधिसूचनेची चर्चा सुरू झाली तेव्हाच काही गावांनी हरकत घेतली होती : ओरणातून ते गुरे चारतात, डिंक आणि केर-सांगरीसारखी रानफळे घेतात, वाळके सरपण आणतात, 'ओरण' हा शब्द जाऊन कागदावर 'वन' हा शब्द आला तर ही वहिवाट उद्या सवलत ठरेल की हक्क, असे ते विचारीत होते. १८७८ च्या कायद्याच्या वेळी झालेला वाद तोच होता. मारवाडीतील 'ओरण', मराठीतील 'देवराई', कन्नडमधील 'देवरकाडु' आणि मलयाळममधील 'कावु' हे शब्द कायद्याच्या एकाच शब्दात ओतताना त्यांतील कोणते हक्क गळतात, याचा कोश अद्याप कोणी केलेला नाही, आणि तो करण्याची साधने वनखात्याहून भाषाविभागांकडे अधिक आहेत.